राहून गेलेली पिवळी रेघ

हरवलेलं डुक्कर, रेशनचा तांदूळ, चर्चच्या गायनमंडळाची तालीम आणि माणसाचं मरण, हे सगळं लुंगह्मुन गावचा भोंगा एकाच सुरात सांगायचा. त्यामुळे सकाळी सहाला तो खरखरला तेव्हा रोकुंगीनं हातसुद्धा थांबवला नाही. कमरेचा पट्टा पाठीशी ताणून, दोन्ही पाय समोरच्या ओंडक्याला रेटून ती शनिवारच्या नवरीचं पुआन, अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, विणत होती आणि मनात म्हणत होती, सुटलं असेल कुणाचं तरी डुक्कर.

"खालच्या आळीचे ह्रांगछुआना आज पहाटे चार वाजता प्रभूकडे गेले," भोंगा म्हणाला. "माती दुपारी तीनला. तरुणांनी कुदळी-फावडी घेऊन आठ वाजता जमावं. रेशनचा तांदूळ आज मिळणार नाही."

रोकुंगीनं फळी आपटली. आडवा धागा बसवायला आपटतात तशीच. मग पुन्हा आपटली. मग पुन्हा. धागा पहिल्याच फटक्याला बसला होता, तरी ती त्याच्यावर फळी आपटतच राहिली, आणि कोंबड्या भिऊन घराखालच्या खांबांत पळाल्या.

ह्रांगछुआना तिचा नवरा होता. होता म्हणजे, एकतीस वर्षांपूर्वीपर्यंत. त्यानंतर तो लालछिंगीचा. आणि सोडण्याचं कारण विचाराल तर डुक्कर! रोकुंगीच्या हातून डुकराच्या खोपटाची आडकाठी लावायची राहिली, डुकरानं बाहेर पडून गावप्रमुखाची अख्खी रताळी फस्त केली, आणि आठ माणसांदेखत, सासूदेखत, नणंदेदेखत ह्रांगछुआना ओरडला, "जा, मी तुला सोडली!" हे शब्द चारचौघांत एकदा तोंडाबाहेर पडले की पडले. दुसऱ्या दिवशी मध्यस्थ पाठवून बायकोला परत बोलावता येतं, ती सोय आहे. पण तो वाट बघत बसला की ही आपणहून येईल, आणि ती वाट बघत बसली की तो माणूस पाठवेल. एकाच डोंगराची दोन टोकं, आणि दोन्ही टोकांना सारखाच हट्ट. दोन वर्षांनी त्यानं लालछिंगी आणली.

दार धाडकन उघडलं. बियाकथांगी, तिची लेक, आत आली. सदतीस वर्षांची बाई, पण आज घाईत तिनं स्वतःच्या मुलीचं टोपीवालं गुलाबी स्वेटर चढवलं होतं, छातीवर मोठाली कोरियन अक्षरं, आणि खाली पुआन गुंडाळलं होतं तेही उलटं. डोळे सुजलेले. पहाटेपासून ती बापाच्या घरीच होती.

"आई, ऐकलंस?"

"बहिरी नाही मी."

"मग पट्टा सोड आणि ऊठ."

"झोदिनीचं लग्न शनिवारी आहे. काळ्या पुआनशिवाय तिला सासरी कसं पाठवतील?"

"त्याचंच बोलायला आलेय मी!" बियाकथांगी पाहुण्यांच्या वेताच्या मोढ्यावर बसली. घरात तो एकच मोढा होता, आणि त्यावर बसायला लेकीशिवाय महिनोन् महिने कुणी येत नसे. "छोट्या आईकडे काळं पुआनच नाहीये."

रोकुंगीचा हात आता मात्र थांबला.

काळं पुआन, पुआनदुम, म्हणजे काय साधं कापड नव्हे. काळ्या अंगावर लाल, पिवळ्या, हिरव्या, पांढऱ्या रेघा. नवरी ते माहेराहून घेऊन येते, ट्रंकेच्या तळाशी ठेवते आणि विसरल्यासारखं करते. नवरा जातो त्या दिवशी ते बाहेर निघतं. नातेवाइकांची पुआनं वरून पडतात, कितीही पडोत; पण अंगाला लागून पहिलं पडतं ते बायकोचं.

"तिनं तिचं रेमसांगावर घातलं होतं ना," बियाकथांगी म्हणाली. रेमसांगा लालछिंगीचा एकुलता एक. नऊ वर्षांपूर्वी थेंझोलच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल घसरली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. "आत्या तेव्हाही बडबडली होती, ते नवऱ्याचं असतं, पोराचं नसतं म्हणून. आज तर तिनं अंगण डोक्यावर घेतलंय. म्हणते, माझा भाऊ बाजारच्या कापडात जाणार नाही."

"का नाही जाणार? थेंझोलला गाडी पाठवा. दुकानंच दुकानं आहेत."

"आई, तू मुद्दाम करतेस का?" बियाकथांगी पुढे झुकली. "तुझं आहे ना. त्या ट्रंकेत. लहान असल्यापासून सांगत आलीस मला, माझं काळं पुआन ट्रंकेत आहे. काढ ते. आपण दोघी घेऊन जाऊ. सगळ्या गावादेखत तू पप्पांवर घाल आणि उशाशी बस. तिथे येतेस तेव्हा तू दाराजवळ बसतेस, आणि मला…" तिचा आवाज फाटला. "मला ते बघवत नाही गं. माझ्या लग्नातसुद्धा तू दाराजवळ होतीस."

खाटेखाली हिरवी पत्र्याची ट्रंक होती. तिला कुलूप. कुलपाची किल्ली रोकुंगीच्या गळ्यातल्या दोऱ्यात.

"नाही," रोकुंगी म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"सोडलेल्या बाईनं असं करायचं नसतं."

"कोण म्हणतं? आत्या स्वतः म्हणाली, रोकुंगीचं असेल तर मला चालेल! आत्या! जिला काहीच चालत नाही ती! किल्ली दे."

"बियाकी, नाही म्हटलं ना."

बियाकथांगी उठली. दारात थांबून तिनं डोळे स्वेटरच्या बाहीला पुसले. "एका डुकरापायी," ती म्हणाली. "एकतीस वर्षं. माणूस मेला तरी तुझा राग मरत नाही. धन्य आहे तुझी."

आणि ती उतारावरून खाली गेली. गुलाबी स्वेटर केळींच्या आडून दिसत राहिलं, दिसत राहिलं, मग दिसेनासं झालं.

रोकुंगीनं पट्टा सोडला. ट्रंक ओढली, किल्ली लावली, झाकण उघडलं. आत एक जुनं वर्तमानपत्र होतं आणि एक वाळका भोपळा. दुसरं काही नव्हतं. कधीच नव्हतं.

डुकराच्या त्या दिवसानंतर तिचं सामान माहेरी आलं होतं, दोन खेपांत, पाठीवरच्या टोपल्यांतून. माग, फळ्या, सुताचे गुंडे, चार पुआनं, सहा कोंबड्या. काळं पुआन नव्हतं. तिचा भाऊ तेव्हाच निघाला होता, "आत्ता जाऊन घेऊन येतो, काय समजतात स्वतःला!" आणि रोकुंगीनं त्याचा दंड धरला होता. "आहे," ती म्हणाली होती. "आलंय. मी ट्रंकेत ठेवलंसुद्धा." कारण भाऊ मागायला गेला असता तर ते परत आलं असतं, आणि परत आलं असतं म्हणजे संपलंच सगळं. जोवर ते त्याच्या घरात आहे तोवर तो कधीतरी माणूस पाठवेल. तिनं कुलूप आणलं, रिकाम्या ट्रंकेला लावलं. मग लालछिंगी आली. मग रेमसांगा झाला. बियाकथांगी बापाच्या घरी वाढली, कारण पोरं बापाची असतात. रविवारी आईकडे येई आणि विचारी, ट्रंकेत काय आहे? आणि रोकुंगी दर रविवारी तेच सांगे.

तिनं झाकण लावलं. कुलूप घातलं. सवयीनं ओढून पाहिलं.

मागच्या दाराची कडी वाजली.

मागच्या दारानं कुणी येत नसे. तिथे फक्त मक्याची ओळ आणि मग दरी. रोकुंगीनं दार उघडलं, आणि समोर लालछिंगी होती. एकोणतीस वर्षांत ही बाई एकदाही डोंगराच्या या टोकाला आली नव्हती. काखेत तांदळाचं रिकामं पोतं गुंडाळून धरलेलं, पायाला मक्याच्या शेतातली लाल माती.

"ताई, आत येऊ?"

"तुझं तिकडे काम नाही?"

"आंघोळ घालतायत त्यांना. मी म्हटलं, परसाकडे जाऊन येते." लालछिंगी आत आली. मोढ्यावर बसली नाही, जमिनीवर बसली, आणि पोतं उलगडू लागली. पोत्यातून आधी वास आला. वाळल्या तंबाखूचा. मग काळं कापड.

रोकुंगीला हात लावायची गरजच नव्हती. दोन पट्ट्या विणून मधोमध शिवायच्या, ही रीत. ताणा लावताना विसाव्या वर्षी तिचं लक्ष कुठं होतं देव जाणे, पण दुसऱ्या पट्टीत लाल आणि हिरव्याच्या मधली पिवळी रेघ राहून गेली होती. शिवल्यावर कळलं. एका बाजूला पिवळी, दुसऱ्या बाजूला नाही. आई म्हणाली होती, असू दे, पहिल्या पुआनाला दृष्ट लागत नाही मग.

"ते म्हणायचे, माझ्या आईचं आहे," लालछिंगी बोलत होती. ती खाली बघूनच बोलत होती. "मी विश्वास ठेवला. वर्षभर ठेवला असेल. मग गावात तुमच्या हातची पुआनं पाहिली आणि मला कळलं. तुमचा काठ कुणालाही कळतो. दर उन्हाळ्यात मी शेतावर गेले की ते हे उन्हात टाकायचे. मी यायच्या आत घडी करून ट्रंकेत. कसर लागू नये म्हणून तंबाखूची पानं पण तेच ठेवायचे. त्यांना वाटायचं मला माहीत नाही."

"आणि तू?"

"मला माहीत आहे हे त्यांना कळू दिलं नाही." लालछिंगी किंचित हसली. "डुलकी लागल्यासारखं करण्यात माझा हात कुणी धरणार नाही."

रोकुंगीनं पिवळी नसलेल्या पट्टीवर बोट ठेवलं. ती म्हणाली, "कधी काही बोलला?"

"नाही. फक्त गेल्या आठवड्यात, तापात. 'पिवळी राहिली, पिवळी राहिली' असं करत होते. मला वाटलं केळं मागतायत. मी केळं कुस्करून भरवलं."

"खाल्लं?"

"अर्धं."

बाहेर कोंबड्या परत आल्या होत्या आणि अंगण उकरत होत्या.

"ताई, मी मागायला आलेय," लालछिंगी शेवटी म्हणाली. "हे मी त्यांच्यावर माझं म्हणून घालणार आहे. आपल्या नणंदबाई, थांखुमीताई, काठ बघून ओळखणारच, तुमच्या हातचं आहे म्हणून. तेव्हा तुम्ही म्हणायचं, हो, लालछिंगीला मी विणून दिलंय. दुसऱ्या कुणाचा शब्द त्या मानणार नाहीत. विणणारीचा मानतील."

"तुला कळतंय तू काय मागतेस?"

"कळतंय."

"हे माझं आहे. त्यानं ठेवलं. एकतीस वर्षं ठेवलं. आज मी तिथे येऊन एवढंच म्हटलं की हे माझं, तर…"

"तर सगळं गाव म्हणेल, त्याची बायको रोकुंगीच होती. आणि एकोणतीस वर्षं त्याचा भात शिजवणारी, त्याचा पोरगा पुरणारी, ती कोण होती?" लालछिंगीनं पहिल्यांदा वर पाहिलं. "हे तुमचं म्हणून पडलं, तर मी कोण, ताई?"

रोकुंगीच्या मनात आलं, आणि माझं म्हणून पडलं नाही तर मी कोण? पण ते ती बोलली नाही. लालछिंगीच्या हातांकडे तिचं लक्ष गेलं. याच हातांनी बियाकथांगीच्या वेण्या घातल्या होत्या, आठव्या वर्षापासून लग्नापर्यंत. चांगल्या घट्ट घालायची. रविवारी पोर आली की रोकुंगी त्या सोडून पुन्हा घालायची, मुद्दाम, आणि त्या कधीही तितक्या घट्ट बसायच्या नाहीत.

"नसेल द्यायचं तर ठेवून घ्या," लालछिंगी उठत म्हणाली. "तुमचंच आहे. मी आलेच नव्हते असं समजा. मी बाजारचं घालीन."

"घेऊन जा," रोकुंगी म्हणाली. "दुपारी येते मी."

"पण तुम्ही काय म्हणाल?"

"दुपारी येते म्हटलं ना."

लालछिंगीनं घडी पोत्यात घातली आणि मक्यातून निघून गेली. तंबाखूचा वास मात्र खोलीत बसून राहिला, पाहुण्यासारखा.

दुपारी खालच्या घरात मुंगीला जागा नव्हती. बाकं, खुर्च्या, चर्चमधून आणलेल्या चटया. ढोलाच्या ठेक्यावर बायका गात होत्या, आणि मागे मोठ्या पातेल्यात लाल चहा उकळत होता. रोकुंगी दाराजवळ बसली, नेहमीच्या जागी. येताना वाटेत तिला दोघी-तिघींनी हात दाबून म्हटलं, "फार वाईट झालं," आणि मग जरा चाचरल्या, कारण नक्की कुणाचं वाईट झालं हे त्यांना सुचेना.

ह्रांगछुआना खाटेवर होता. म्हातारा झाला होता. नाक तेवढं तसंच होतं, भांडखोर.

उशाशी लालछिंगी. पायाशी बियाकथांगी, आता रीतीनं नेसलेली. आईकडे तिनं पाहिलंही नाही. भिंतीवर रेमसांगाचा फोटो. आणि खाटेच्या बाजूला खुर्चीत, काठी मांडीवर आडवी धरून, थांखुमी. मेलेल्याची थोरली बहीण, सत्तरीची. एका गालात कायम तंबाखूचं पाणी, हातात त्याची छोटी बाटली, पायाशी थुंकायला डबा. ती पाणी थुंकली की समजावं, आता बोलणार.

थांखुमी थुंकली.

"आण, काय आणलंस ते," ती म्हणाली.

लालछिंगीनं पुआन उलगडलं. गाणं आपोआप हळू झालं. तिनं ते त्याच्या छातीवर पसरायला हात उंचावले, तेवढ्यात काठी मध्ये आली.

"थांब." थांखुमीनं काठ बोटांत धरला. माणसांचे चेहरे तिला हल्ली नीट दिसत नसत, पण कापडावरून ती अजूनही बाईचं नाव, गाव आणि स्वभाव सांगायची. काठ तिनं अंगठ्यानं चोळला. "हे रोकुंगीच्या हातचं."

"हो," लालछिंगी म्हणाली. आवाज सुताएवढा. "त्यांच्याकडूनच करून घेतलं."

"कधी?"

सगळ्या माना दाराकडे वळल्या, वाऱ्यानं भाताच्या लोंब्या वळाव्यात तशा. बियाकथांगीचीही.

"रोकुंगी," थांखुमी म्हणाली. "तूच सांग. कुणाचं हे?"

रोकुंगी उठून उभी राहिली. बोलायचे शब्द तिच्या जिभेवर तयार होते, सकाळपासून तयार होते. माझं. एकच शब्द. तो उच्चारला की बायका सरकून वाट करून देतील, कुणीतरी तिला दंडाला धरून उशाशी बसवेल, आणि बियाकी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडेल. एकतीस वर्षांनी माणूस पाठवल्यासारखंच होतं ते. उशिरा पाठवला, पण पाठवला.

लालछिंगी तिच्याकडे बघत नव्हती. ती खाली, नवऱ्याच्या उघड्या छातीकडे बघत होती, आणि पुआन धरलेले तिचे हात तसेच अधांतरी राहिले होते. पोराला झाकून झालेले हात होते ते.

अंगाला हेच लागणार आहे, रोकुंगीच्या मनात आलं. नाव कुणाचंही असो.

"लालछिंगीचं," ती म्हणाली. "मी विणून दिलं."

"कधी, तेच विचारतेय मी."

"रेमसांगा गेला त्या वर्षी. कुणाला सांगू नका म्हणाली. नवरा जिवंत असताना दुसरं विणून घेतलं तर लोक म्हणतील, वाट बघतेय."

खोलीत एक हुंकार फिरला. बरोबरच होतं ते. लोकांनी म्हटलंच असतं.

थांखुमीनं काठ सोडला नव्हता. "नऊ वर्षांत इतकं मऊ?"

"दर साल उन्हात घातलं तर होतं."

"हं." म्हातारीचा अंगठा मधल्या शिवणीवरून सरकत गेला आणि थांबला. "आणि हे गं? या पट्टीत पिवळी रेघ आहे. त्या पट्टीत नाही. तू आणि अशी चूक?"

"झाली."

"उसवून पुन्हा नाही केलंस?"

"राहून गेलं."

थांखुमीनं मान वर केली. बेचाळीस वर्षांपूर्वी याच खोलीत नव्या नवरीचं गाठोडं सोडलं गेलं होतं, आणि काळं पुआन उलगडताच पहिली खिदळली होती ती थोरली नणंद. "अगंबाई, वहिनी अर्धी पिवळी माहेरीच विसरली!" तेव्हा दोघी किती हसल्या होत्या. थांखुमीचे पांढुरके डोळे दाराच्या दिशेनं रोखलेले राहिले. तिचं तोंड उघडलं.

मग तिनं बाटलीचं बूच काढलं आणि तोंडभर तंबाखूचं पाणी घेतलं. दोन्ही गाल फुगले. तोंडात एवढं पाणी असताना कुणालाच काही बोलता येत नाही. तिनं काठीनं खाटेला हलकेच टोकलं: घाल.

लालछिंगीनं पुआन घातलं. हनुवटीपर्यंत ओढलं, कडा आत दाबल्या, झोपलेल्या माणसाच्या दाबतात तशा. ढोल पुन्हा सुरू झाला. वरून बहिणीचं पडलं, मग लेकीचं, भाच्यांची, शेजाऱ्यांची. पिवळी असलेली बाजू दिसेनाशी झाली, नसलेलीही.

कुणीतरी रोकुंगीच्या हातात चहाचा कप दिला. पाहुण्यांचा.

माती झाल्यावर दफनभूमीच्या वाटेवर बियाकथांगीनं तिला गाठलं. डोळे आता कोरडे होते, आणि ते जास्त वाईट होतं.

"तिला विणून दिलंस," ती म्हणाली. "चोरून. नऊ वर्षांत मला एका शब्दानं बोलली नाहीस."

"बियाकी…"

"आणि तुझं तसंच कुलपात ठेवलंस. दुसरीला स्वतःच्या हातानं विणून दिलंस, पण स्वतःचं पप्पांना नाही दिलंस. कुणासाठी ठेवलंयस ते? उंदरांसाठी?"

रोकुंगी तोंड उघडणार होती. वाटेवर माणसं होती. पुढे लालछिंगी दोघींच्या आधारानं चालली होती, आज गावानं जिला विधवा म्हणून धरलं होतं ती. विणणारीचा शब्द. एकाला खरं सांगितलं तर तो शब्द राहत नाही, अगदी लेकीला सांगितलं तरीही. आणि भोंगा असलेल्या गावात तर नाहीच.

"थंडी वाजेल," ती म्हणाली. "टोपी घाल."

बियाकथांगी खालच्या आळीकडे वळली. तिला आता तिकडेच जायचं होतं. बापाच्या घरी पुढचे काही दिवस माणसं येत-जात राहणार, गाणार, चहा पिणार. रोकुंगी वर निघाली. वर कुणी नव्हतं.

शुक्रवारी झोदिनीचं पुआन मागावरून उतरलं. शनिवारी झोदिनी ते घेऊन सासरी गेली, मोबाइलवर फोटो काढत, खिदळत; गाठोड्याच्या तळाशी आपण काय नेतोय याचा विचार विसाव्या वर्षी करायचा नसतोच. रविवारी रोकुंगीनं दुधाच्या डब्यानं दोन मापं तांदूळ घेतले, मग एक परत ओतलं. मोढ्यावर कुणी बसलं नाही.

सोमवारी सकाळी मागच्या दाराशी काहीतरी ठेवलेलं सापडलं. केळीच्या पानात बांधलेली तंबाखूची वाळकी पानं, कोरी, नीट चपटी केलेली. बरोबर निरोप नव्हता. मक्यात लाल मातीवर पावलं तेवढी होती.

रोकुंगीनं काळ्या सुताचा मोठा गुंडा काढला. मग लाल, हिरवा, पांढरा, पिवळा. ताणा लावायला बसली. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. पहिली पट्टी भराभर लागली, बोटं आपली आपण चालत होती. सगळ्या रेघा जिथल्या तिथे.

दुसऱ्या पट्टीला घोळ झाला. लाल झाला की हात आपसूक पिवळ्याकडे जाई. तिनं धागे काढले, पुन्हा लावले. पुन्हा पिवळा. बेचाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक नवरीसाठी बरोबर लावून लावून हात इतके शहाणे झाले होते की चूक करायला तयारच होईनात. "अगं, एकदा तर जमलं होतं ना तुला," ती हातांना म्हणाली, मोठ्यानं. कोंबडीनं मान वाकडी करून पाहिलं.

शेवटी ती उठली. ट्रंक ओढली, भोपळा आणि वर्तमानपत्र बाहेर फेकलं, तंबाखूची पानं तळाशी अंथरली, त्यावर पिवळा गुंडा ठेवला आणि कुलूप लावलं. तो आत असेपर्यंत हात तिथे पोचणार नव्हता.

कधीतरी बियाकी या गळ्यातून दोरा काढेल. रागात का होईना, किल्ली लावेल. आईला झाकायला काहीतरी लागेलच. घडी उलगडेल, बेचाळीस वर्षांचं म्हणून सांगितलेलं कापड हाताला कोरं लागेल, आणि तिचा अंगठा मधल्या शिवणीवरून जाईल. बापाच्या खाटेच्या पायाशी उभी राहून तिनं सगळं ऐकलं होतं, एकेक शब्द. ती या बाजूला पिवळी शोधेल, त्या बाजूला शोधेल. तेव्हा तिला कळेल, ट्रंकेतलं कुठे गेलं ते. तेव्हा सांगितलेलं चालतं. मेलेल्या बाईनं शब्द मोडला असं कुणी म्हणत नाही.

रोकुंगीनं पट्टा पाठीशी घेतला. लाल चार धागे. हात डावीकडे गेला, तिथे काही नव्हतं. तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला.

मग तिनं हिरवा उचलला.